सात खासदार आणि एक राज्यमंत्री: आघाडी सरकारात मित्रपक्षाला नक्की मिळतं काय?

माहुलीकर

राज्याच्या मंत्रिमंडळावरून इथं बरेच दिवस धुमशान चाललंय. साताऱ्याला चार मंत्री, सांगलीला भोपळा, मग पालकमंत्री कुठला, मग कुणाची काय लायकी. ते त्या धाग्यावर चालू द्या. पण तिथं एका सांगलीकर सभासदानं लिहिलं की दिल्लीत शिंद्यांच्या सेनेचं झालं तेच आमचं झालं, "सात खासदार देऊन एक राज्यमंत्री". खाली लगेच +१ ची रांग लागली. मला तो हिशोबच पटत नाही, म्हणून वेगळा धागा.

आधी आकडे. ९ जून २०२४ ला राष्ट्रपती भवनात पंतप्रधानांसह ७२ जणांनी शपथ घेतली. पंतप्रधान धरून ३१ कॅबिनेट, ५ स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री, ३६ नुसते राज्यमंत्री. भाजप २४०, रालोआ (भाजपची आघाडी) मिळून २९३, बहुमताला २७२. मित्रपक्षांना एकूण ११ मंत्रिपदं, त्यातली ५ कॅबिनेट. चंद्राबाबूंच्या तेलुगू देसमला १६ खासदारांवर एक कॅबिनेट आणि एक राज्यमंत्री. नितीश कुमारांच्या जदयूला १२ वर तेवढंच. चिराग पासवान पाच खासदारांवर कॅबिनेट. कुमारस्वामी दोन खासदारांवर कॅबिनेट. जीतनराम मांझी तर आपल्या पक्षाचे एकटेच खासदार, तेही कॅबिनेट. आणि शिंदेसेनेचे सात खासदार असून प्रतापराव जाधवांना आयुष खात्याचा स्वतंत्र कार्यभार. मावळचे श्रीरंग बारणे दुसऱ्याच दिवशी यावर जाहीर बोलले. अजितदादांच्या पक्षानं स्वतंत्र कार्यभार घेतलाच नाही, कारण प्रफुल्ल पटेल पूर्वी कॅबिनेट मंत्री होते, आता खालची पायरी कशी घ्यायची.

भागाकार केला तर यात काहीच सुसंगत दिसत नाही. म्हणून वजाबाकी करून बघा. २९३ मधून देसम गेला तर २७७ उरतात. जदयू गेला तर २८१. दोघं गेले तर २६५, म्हणजे सरकार पडलं. शिंदे एकटे गेले तर २८६, कुणाला घामही फुटत नाही. किंमत ठरते ती तुम्ही निघून गेल्यावर काय उरतं त्यावर. मग मांझी, कुमारस्वामींना का दिलं? त्यांच्या जाण्यानं काहीच पडत नव्हतं. पण दोघंही माजी मुख्यमंत्री, आणि बिहारची निवडणूक २०२५ ला होती. कर्नाटकात वक्कलिग मतांसाठी देवेगौडांचं घर भाजपला हवं आहे. ती पदं सरकार टिकवायला दिलेली नाहीत, पुढच्या निवडणुकीची उचल आहे ती.

पण मंत्री किती यावर मी फार वेळ घालवणार नाही. मी पहिल्यांदा बघतो ते मोठ्या पक्षानं कुठली खाती स्वतःकडे ठेवली ते. गृह, अर्थ, संरक्षण, परराष्ट्र. या चौघांची आणि पंतप्रधानांची मिळून सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती होते. १९९६ ला देवेगौडांच्या जनता दलाचे खासदार ४६. चारपैकी तीन खाती बाहेर गेली: गृह भाकपच्या इंद्रजित गुप्तांकडे, अर्थ तमिळ मनिला काँग्रेसच्या चिदंबरम यांच्याकडे, संरक्षण मुलायमसिंहांकडे. घरात राहिलं फक्त परराष्ट्र, गुजराल यांच्याकडे. १९९९ ला भाजप १८२, तेव्हा एक खातं बाहेर: संरक्षण, जॉर्ज फर्नांडिस. शिवाय रेल्वे ममतांकडे आणि मग नितीश कुमारांकडे, कृषी आधी नितीश आणि मग अजित सिंह, वाणिज्य द्रमुकच्या मुरासोली मारन यांच्याकडे. २०२४ ला २४० असताना चारही खाती भाजपकडे, वर रेल्वे, कृषी, रस्ते, दूरसंचार हेही भाजपकडेच.

मित्रांना काय मिळालं? अवजड उद्योग. हे खातं बघा जरा. १९९९ ला मनोहर जोशी. यूपीएच्या काळात शेवटी शेवटी प्रफुल्ल पटेल. २०१४ ला अनंत गीते. २०१९ ला अरविंद सावंत. २०२४ ला कुमारस्वामी. सरकार कुणाचंही असो, हे खातं पाहुण्यांच्या खोलीसारखं मित्रपक्षांसाठी झाडून ठेवलेलं असतं. नागरी विमान वाहतूक तसंच: प्रफुल्ल पटेल, अजित सिंह, देसमचे अशोक गजपती राजू, आता देसमचेच राममोहन नायडू. अन्नप्रक्रिया: हरसिमरत बादल, पशुपती पारस, चिराग पासवान. शपथविधीला टीव्हीवर "कुणाला काय मिळणार" म्हणून आठ आठ तास चर्चा झाली, आणि यादी आली तेव्हा मित्रपक्षांच्या हातात ठरलेलीच खाती.

भडंग_पार्सल

तो सांगलीकर मीच. नाव घ्यायला लाजू नका राव.

वजाबाकी चांगली केलीत, पण सोयीची केलीत. शिंदे एकटे कशाला जातील? देसमचे १६ आणि शिंद्यांचे ७ मिळून २३. २९३ वजा २३ म्हणजे २७०. बहुमताला दोन कमी. मग शिंद्यांचं वजन शून्य कसं?

आणि माजी मुख्यमंत्री म्हणून मांझींना कॅबिनेट, पण माजी कॅबिनेट मंत्री असलेल्या पटेलांना स्वतंत्र कार्यभार. हा कुठला न्याय? एकाच्या जुन्या पदाचा मान ठेवायचा, दुसऱ्याच्या नाही.

बाकी भोपळा वगैरे म्हणू नका. सांगलीचा माणूस दिल्लीत आहे की. रामदास आठवले, अगळगाव, तालुका कवठेमहांकाळ. लोकसभेत पक्षाचा एकही खासदार नाही आणि २०१६ पासून राज्यमंत्रिपद सुटलेलं नाही. तुमच्या वजाबाकीत हा माणूस बसवून दाखवा.

राजवाडा_कट्टा

आठवलेंना कुणीच कशात बसवू शकत नाही, तेच सगळीकडे बसतात :)

आमच्या साताऱ्याचं काय ते पण बोला. उदयनराजे ३२,७७१ मतांनी निवडून आले. शशिकांत शिंदेंविरुद्ध, पवारसाहेबांच्या जिल्ह्यात (हो, आम्ही अजून तसंच म्हणतो), सोपी जागा नव्हती. केंद्रात यायला हवे होते. पश्चिम महाराष्ट्राला म्हणून एकटे मुरलीधर मोहोळ.

कास_पठार

सोपी नव्हतीच. पिपाणी चिन्हाला (शिंदेंच्या तुतारीसारखं दिसणारं) मिळालेली मतं त्या फरकापेक्षा जास्त होती, ते विसरला का? असो, तो विषय काढला तर धागा हजारी गाठेल.

माझा बाळबोध प्रश्न. स्वतंत्र कार्यभार आणि कॅबिनेट यात एवढा फरक काय आहे? खातं तर दोघांचं स्वतःचंच असतं ना?

पोवई_नाका

@कास_पठार, बरीच वर्षं सरकारी नोकरीत फायली हलवल्या आहेत, तेवढ्या अधिकारानं सांगतो.

कॅबिनेट मंत्री मंत्रिमंडळाच्या प्रत्येक बैठकीला बसतो, विषय त्याच्या खात्याचा असो वा नसो. स्वतंत्र कार्यभाराचा राज्यमंत्री आपल्या खात्याचा प्रमुख असतो, सही त्याचीच चालते, पण मंत्रिमंडळात त्याला बोलावतात ते त्याच्या खात्याचा विषय असेल तेव्हा. नुसता राज्यमंत्री हा तिसरा प्रकार. त्याला काम वाटून देतो वरचा कॅबिनेट मंत्री. वरच्यानं कागदच पाठवला नाही तर त्याच्या टेबलावर उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिका तेवढ्या येतात. कितीतरी राज्यमंत्र्यांनी ही तक्रार पंतप्रधानांकडे नेलेली आहे, सगळ्या पक्षांच्या सरकारांत.

मंत्री किती करायचे याला आता कायद्यानं मर्यादा आहे. २००३ ची ९१ वी घटनादुरुस्ती: सभागृहाच्या १५ टक्के. लोकसभेचे ५४३ धरले तर ८१. त्याआधी मित्र खूश करायचा सोपा मार्ग म्हणजे मंत्री वाढवणे. उत्तर प्रदेशात १९९७ ला कल्याणसिंहांनी ९३ मंत्री केले होते. ९३! त्यात बसपा फोडून आलेले, काँग्रेस फोडून आलेले, सगळे मंत्री. आता ती सोय गेली. म्हणून भांडण संख्येवरून खात्यांवर आलं.

२०२४ ला ८१ पैकी ७२ भरले. नऊ मोकळे ठेवले. नाराज माणसाला "पुढच्या विस्तारात बघू" म्हणायला जागा लागते, ती ही. महाराष्ट्रात २८८ च्या १५ टक्के म्हणजे ४३, डिसेंबर २०२४ ला मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्री धरून ४२ झाले. राहिली एक जागा, त्यावर किती जणांनी नवे जॅकेट शिवले ते तुम्हाला माहीत आहे.

माहुलीकर

@भडंग_पार्सल, २३ चा मुद्दा गणितात बरोबर आहे. पण धमकी देणाऱ्याला ती खरी करता आली पाहिजे. जून २०२४ ला शिंदे मुंबईत मुख्यमंत्री होते आणि ती खुर्ची भाजपच्या आमदारांवर उभी होती. दिल्लीत सात खासदार काढले की दुपारपर्यंत वर्षा बंगला रिकामा करावा लागला असता. चंद्राबाबूंचं तसं नव्हतं. आंध्रात त्यांचं स्वतःचं बहुमत, तिथं भाजप त्यांच्यावर अवलंबून. ज्याचं गावाकडचं घर स्वतःचं आहे तोच दिल्लीत टेबल उलथू शकतो. पटेलांचंही तेच. एक खासदार (रायगडचे तटकरे), आणि जायला दुसरीकडे वाट नाही.

दुसरं उदाहरण नितीश कुमारांचंच घ्या. २०१९ ला जदयूचे १६ खासदार होते. एक मंत्रिपद देऊ केलं, त्यांनी नाकारलं, सरकारबाहेर राहिले. २०२४ ला खासदार चार कमी झाले, १२ उरले, तरी पदं दोन मिळाली. पक्ष लहान झाला आणि भाव वाढला, कारण भाजप ३०३ वरून २४० वर आला.

आठवले मात्र माझ्या गणितात बसत नाहीत हे मान्य. त्यांच्यासाठी वेगळी पाटी घ्यावी लागेल.

निवृत्त_मास्तर

माहुलीकरांच्या चार खात्यांच्या मुद्द्यावर एक जुनी गोष्ट, कारण ती उलट्या बाजूनं जाते.

१९४६. हंगामी सरकार सप्टेंबरात आलं, मुस्लिम लीग ऑक्टोबरअखेर त्यात शिरली. व्हाइसरॉय वेव्हेल यांचं म्हणणं होतं की परराष्ट्र, गृह, संरक्षण यांपैकी एक लीगला द्या. काँग्रेसला तिन्ही सोडवेनात. गृह तर वल्लभभाई सोडणारच नव्हते. मग अर्थ देऊन टाकलं. लियाकत अली अर्थमंत्री झाले, आणि काही दिवसांतच काँग्रेसच्या मंत्र्यांना कळलं की चपराशी नेमायचा तरी फाइल लियाकत अलींच्या खात्यात जाते. पुढं १९४७ च्या अर्थसंकल्पात त्यांनी धंद्याच्या नफ्यावर जबर कर लावला, तेव्हा काँग्रेसला देणग्या देणाऱ्या उद्योगपतींचे चेहरे बघण्यासारखे झाले असणार. पोलीस आपल्याकडे ठेवले आणि तिजोरीच्या किल्ल्या दिल्या. तेव्हापासून बहुतेक मोठे पक्ष अर्थ खातं सोडताना दहा वेळा विचार करतात. १९९६ हा अपवाद.

आणि आपल्या जिल्ह्यांच्या धाग्यावर यशवंतरावांचं नाव अजून कसं आलं नाही? देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत, तेव्हा दोघांनीही भांडू नका. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र, माहुलीकरांची ही चारही खाती सांभाळलेला हा माणूस. पण ती सगळी काँग्रेसच्या एकपक्षीय सरकारांत. आघाडीची वेळ आली १९७९ ला. मोरारजींच्या सरकारवर जुलैमध्ये अविश्वास ठराव मांडला तो विरोधी पक्षनेते म्हणून यशवंतरावांनी, साताऱ्याच्या खासदारानं. मोरारजी १५ जुलैला राजीनामा देऊन मोकळे झाले. राष्ट्रपती संजीव रेड्डींनी आधी यशवंतरावांनाच सरकार बनवता येतं का ते विचारलं. आकडा जमला नाही. मग चरणसिंह पंतप्रधान, यशवंतराव उपपंतप्रधान आणि गृहमंत्री. २८ जुलैला शपथ, २० ऑगस्टला राजीनामा. इंदिरा गांधींनी बाहेरून दिलेला पाठिंबा काढून घेतला, संसदेला सामोरं जायची वेळही आली नाही. जानेवारी १९८० पर्यंत काळजीवाहू.

पद बघितलं तर जिल्ह्याला मिळालेलं सगळ्यात मोठं. हातात काय होतं? काहीच नाही. उपपंतप्रधान हे पद घटनेत नाहीच मुळी. देवीलाल १९८९ ला शपथ घेताना "उपपंतप्रधान" म्हणाले म्हणून कोर्टबाजी झाली होती, कोर्टानं सांगितलं की कायद्यानं तो एक मंत्रीच.

भडंग_पार्सल

मास्तर, +१. पण माझ्या आजोबांना ते २३ दिवस पण लई मोठे वाटायचे. "आपला माणूस" म्हणून.

राजवाडा_कट्टा

माहुलीकर, तुमच्या सिद्धांताला एक भोक आहे. मोठा पक्ष जितका लहान, तितकी मोठी खाती बाहेर, बरोबर? मग २००४ ला काँग्रेस १४५. वाजपेयींच्या १८२ पेक्षा कमी. तरी गृह शिवराज पाटील, अर्थ चिदंबरम (तोवर काँग्रेसमध्ये परतलेले), संरक्षण प्रणवदा, परराष्ट्र नटवरसिंह. चारही घरात. कसं काय?

माहुलीकर

चांगला प्रश्न. डाव्यांमुळे. साठेक खासदार घेऊन ते बाहेर बसले आणि एकही मंत्रिपद घेतलं नाही. फक्त लोकसभेचं अध्यक्षपद, सोमनाथ चटर्जी. मागणारे जेवढे कमी तेवढं वाटप सोपं. काँग्रेसनं चार ठेवून बाकी सढळ हातानं दिली: कृषी पवारांना, रेल्वे लालूंना, दूरसंचार आणि रस्ते-जहाज द्रमुकला, रसायनं आणि पोलाद पासवानांना. तरी द्रमुकनं ठरल्याप्रमाणे खाती मिळाली नाहीत म्हणून कार्यभार घ्यायला उशीर केला. २००९ ला तर २२ मेच्या शपथविधीला ते आलेच नाहीत, सहा दिवसांनी आले.

मंत्रिपद न घेणारा मित्र स्वस्त वाटतो, पण त्याचं बिल मागून येतं. डाव्यांनी २००८ च्या जुलैत अणुकरारावरून पाठिंबा काढला. सरकार वाचलं ते २७५ विरुद्ध २५६ नं. मंत्रिपदाची खुर्ची सोडायची नसेल तर माणूस बाहेर पडायला कचरतो. डाव्यांना सोडायला काही नव्हतंच.

पोवई_नाका

अध्यक्षपदाचा उल्लेख झाला म्हणून. १९९८ ला देसमनं मंत्रिपदं न घेता बालयोगींना अध्यक्ष केलं. पक्षांतरबंदीचा निर्णय अध्यक्षाच्या हातात असतो, मित्रपक्षाला आपला पक्ष फुटू द्यायचा नसेल तर ते पद दहा मंत्र्यांच्या बरोबरीचं. २०२२ नंतर हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला लागू नये. २०२४ ला भाजपनं ओम बिर्लांनाच पुन्हा बसवलं आणि देसम, जदयू गप्प राहिले. माझ्या मते खातेवाटपापेक्षा मोठी बातमी ती होती. चॅनेलवाले तेव्हा दमले होते बहुतेक.

दुसरं, घटनेच्या ७५ व्या कलमाप्रमाणे मंत्री नेमायचे ते पंतप्रधानांच्या सल्ल्यानं. आघाडीत हे कागदावर. सुरेश प्रभू आठवतात का? वाजपेयींचे ऊर्जामंत्री, काम चांगलं म्हणून नाव होतं, २००२ ला मातोश्रीवरून आदेश आला आणि राजीनामा. वाजपेयींना तो माणूस ठेवायचा असता तरी काय करणार? २०१२ ला दिनेश त्रिवेदींनी रेल्वेची भाडी वाढवली, ममतांनी काढलं. अर्थसंकल्प मांडलेला रेल्वेमंत्री त्याच आठवड्यात गेला. अशा मंत्र्याचे वरिष्ठ दोन असतात आणि त्यातला मोठा दिल्लीत राहत नाही.

तासगावकर_ताई

मघापासून वाचतेय. सगळे खुर्च्याच मोजताय. आम्ही बेदाणा, हळद आणि उसातली माणसं, आमच्या बाजूनं बघा.

हळद. सांगलीची बाजारपेठ जुनी, सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. राष्ट्रीय हळद मंडळ कुठं गेलं? निजामाबादला, जानेवारी २०२५. वाणिज्य मंत्री कोण? पीयूष गोयल, उत्तर मुंबईचे खासदार. म्हणजे खातं भाजपकडे, मंत्री महाराष्ट्राचा, कॅबिनेट, सगळं जुळून आलेलं, आणि मंडळ तेलंगणात. कारण निजामाबादच्या खासदारानं ते वर्षानुवर्षं लावून धरलं होतं. शेतकऱ्यांनी त्यावर निवडणूक फिरवून दाखवली होती. आपल्याकडे हळदीवर लोकसभा लढवल्याचं कुणाला आठवतंय का? तेव्हा "आपला मंत्री" या गोष्टीचं मला फार कौतुक नाही.

पण माहुलीकर, तुमचं "ठरलेलीच खाती" हे मात्र नाही पटलं. कॅबिनेट दर्जाची किंमत खात्यात नसते, समितीत असते. उसाची एफआरपी (कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर) कोण ठरवतं? आर्थिक व्यवहारविषयक मंत्रिमंडळ समिती. २०२५-२६ ची ३५५ रुपये क्विंटल तिथंच मंजूर झाली. त्या समितीवर मित्रपक्षांचे दोघं आहेत, जदयूचे लल्लन सिंह आणि कुमारस्वामी. कुमारस्वामी निवडून आले कुठून? मंड्या. ऊसपट्टा! अवजड उद्योग खातं अडगळीतलं असेल, पण माणूस उसाचा दर ठरवणाऱ्या टेबलावर बसलाय. आपल्या सात खासदारांचा राज्यमंत्री त्या खोलीत नाही. मोहोळ सहकार राज्यमंत्री, तेही नाहीत. भडंगवाल्यांचा राग योग्य आहे, कारण फक्त चुकीचं दिलंय.

भडंग_पार्सल

ताईंना साष्टांग. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

माहुलीकर

ताई, समितीचा मुद्दा वजनदार आहे. पण त्या समितीत पंतप्रधान, शहा, राजनाथ, सीतारामन, गडकरी, गोयल असे सगळे बसतात. दोन मित्रमंत्री तिथं एफआरपी पाच रुपयांनी तरी हलवू शकतात का? प्रस्ताव कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवरून येतो, समितीत बहुतेक वेळा शिक्का बसतो. मला वाटतं तुम्ही खोलीला जरा जास्त महत्त्व देताय.

तासगावकर_ताई

शिक्का बसतो हे खरं. पण कागद खोलीत यायच्या आधी मंत्र्यांकडे फिरतो ना? त्यावर हरकत घ्यायची, दोन महिने अडवून ठेवायचं, एवढं तर कॅबिनेट मंत्र्याला जमतं. साखरेचा किमान विक्री दर २०१९ च्या फेब्रुवारीत २९ चा ३१ केला आणि मग वर्षानुवर्षं तिथंच. एफआरपी दरवर्षी वर, साखर जागेवर. कारखाने पैसे थकवतात, मग आमच्याकडे आंदोलनं. या काळात महाराष्ट्रातनं किती खासदार सरकारच्या बाजूला होते ते मोजा, आणि त्यातल्या कितीजणांनी या एका आकड्यासाठी पाठिंबा पणाला लावला तेही सांगा. देसमनं अमरावती (आंध्रची नवी राजधानी) मागितली, पहिल्याच अर्थसंकल्पात १५ हजार कोटींची सोय झाली. त्यांना मंत्रिपदं दोनच मिळाली होती, विसरू नका. त्यांनी काय मागायचं ते आधी ठरवलं होतं.

निवृत्त_मास्तर

पवारसाहेब २००९ ते २०१४ माढ्याचे खासदार आणि कृषिमंत्री. माढ्यात आपलं फलटण आणि माण-खटाव येतं. कॅबिनेट होते, समितीत होते, आणि मित्रपक्षाचे अध्यक्षही तेच. पोवई_नाका म्हणतात ते "दोन वरिष्ठ" त्यांना नव्हते. साखर कारखानदारीला त्या काळात काय मिळालं यावर मतं वेगळी असतील, पण आघाडीत मंत्री कसा असावा याचा नमुना तोच. पक्षप्रमुख स्वतः खात्यावर बसला की गोष्ट वेगळी होते.

राजवाडा_कट्टा

आणि माणला पाणी कधी आलं तेही लिहा, मास्तर. माझं आजोळ तिकडचं आहे.

कास_पठार

पाण्यावर वेगळा धागा काढा, प्लीज. तो प्रश्न मुंबईचा आहे, दिल्लीचा नाही.

मला आता दर्जातला फरक कळला, धन्यवाद. एक राहिलं: २०१४ आणि २०१९ ला भाजपला एकट्याला बहुमत होतं, तरी मित्रांना मंत्री केलं. तेव्हा वजाबाकीत कुणाचीच किंमत नव्हती ना?

माहुलीकर

नव्हतीच, आणि ते दिसतंही. २०१४ ला एकूण ४६ मंत्री, २०१९ ला ५८, २०२४ ला ७२. तेव्हा मित्राला साधारण एकच पद, मोठा असो की छोटा. १८ खासदारांची शिवसेना २०१९ ला एका अवजड उद्योगावर होती. राज्यसभेत मतं लागतात, राज्यांत युती टिकवायची असते, म्हणून ठेवायचे. शिवसेनेनं तेव्हा पाच महिन्यांत संबंध तोडले, सावंतांनी राजीनामा दिला, दिल्लीतलं सरकार जागचं हललं नाही.

भडंग_पार्सल

मग ठरलं. मी शिंद्यांच्या जागी असतो तर आयुष घेतलंच नसतं. सात खासदारांच्या बदल्यात अन्न आणि सार्वजनिक वितरण खात्याचं राज्यमंत्रिपद मागितलं असतं. साखर त्याच खात्यात येते. आपला माणूस तिथं बसला असता तर साखरेची फाइल तरी दिसली असती.

तासगावकर_ताई

राज्यमंत्रिपद? वर पोवई_नाका यांनी काय लिहिलंय ते वाचा की. फाइल दिसणार नाही, बेदाणा महोत्सवाच्या उद्घाटनाची पत्रिका दिसेल. ती आम्हीच पाठवू.